सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही?

नमस्कार श्रोतेहो. नाक गळायला लागलं, घसा धरला, की बरेचजण विचारतात, "एखादं अँटिबायोटिक घेऊन टाकू का?" आज त्याचंच उत्तर शोधू या.

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हा एकाच पेशीचा पण स्वतःच्या बळावर जगणारा जीव. तो अन्न घेतो, वाढतो, एकाचे दोन होतो. बहुतेक जिवाणू आपल्याला काही करत नाहीत. आतड्यातले काही तर 'के' जीवनसत्त्वही तयार करतात. क्षय, कॉलरा, विषमज्वर हे मात्र जिवाणूंचेच आजार.

विषाणूला पेशीच नसते. प्रथिनाच्या कवचात थोडासा जनुकीय ऐवज, एवढाच त्याचा संसार. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. तरीही त्या रसाने निरोगी रोपांना रोग झालाच! म्हणजे रोगाचं कारण जिवाणूहूनही लहान होतं. विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिला स्वतःच्या प्रती काढायच्या कामाला जुंपतो. सर्दी, फ्लू, गोवर, डेंग्यू हे सगळे त्याचेच.

आता पेनिसिलिन हे अँटिबायोटिक काय करतं ते नीट पाहा. जिवाणूभोवती एक भक्कम भिंत असते आणि वाढताना तो ती सतत बांधत असतो. पेनिसिलिन ते बांधकाम बंद पाडतं. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपण सुखरूप राहतो. पण विषाणूलाही ती नसते, त्यामुळे तोही सुखरूप! इतर अँटिबायोटिक्सचे मार्ग वेगळे, पण नेम जिवाणूवरच.

मग सर्दीत घेतलेली गोळी वाया जाते, इतकंच का? नाही, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. ती आपल्या अंगातल्या जिवाणूंवर चालते. कच्चे मरतात, चिवट उरतात आणि औषधाला दाद न देणारी जनुकं शेजारच्या जिवाणूंनाही देतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच या धोक्याची जाणीव करून दिली होती.

कफ हिरवा झाला म्हणजे जिवाणूच, असंही नाही. तो रंग आपल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. पण धाप लागली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तिथे हेच अँटिबायोटिक जीव वाचवतं.