रीफवर जाऊन नुसतं थांबायचं

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला पाण्याखाली घेऊन जायचंय, आणि रेडिओ आहे म्हणून सुरुवात आवाजापासूनच करते. समुद्राखाली म्हणे एकदम शांतता असते, मीपण तेच ऐकलेलं, पण पहिल्यांदा पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, उतरले तेव्हा कानात जे काही सुरू झालं ना, सुक्या काटक्या पेटल्यावर तडतडतात अगदी तसं, आणि ते थांबेचना, मला वाटलं सिलिंडरमध्येच काहीतरी बिघाड झालाय. वर आल्यावर इन्स्ट्रक्टरना विचारलं तर म्हणाले, अगं ती कोळंबी. पिस्तुल कोळंबी म्हणतात तिला, जेमतेम बोटाएवढी, पण एक नांगी भलीमोठी, आणि ती नांगी ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो आणि तो लगेच आतल्या आत कोसळतो, त्याचा तो आवाज. अशा हजारो जणी खडकाच्या भेगाभेगांतून बसलेल्या असतात, दिवसरात्र चालू.

मग हळूहळू कान सरावला की दुसरे आवाज कळायला लागतात. कुठंतरी कर्र कर्र असं ऐकू येतं, तो पोपटमासा, त्याचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात आणि तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, खाताना खडकही चावतो, घशात दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. मालदीवच्या बेटांवरची ती पांढरीशुभ्र वाळू दिसते ना फोटोत, त्यातला मोठा वाटा याच्या पोटातून आलेला असतो!

आणि या सगळ्यात सगळ्यात मोठा आवाज असतो आपला स्वतःचा. श्वासाचा. आत घेताना सूऽऽ आणि सोडताना बुडबुड्यांचा गडगडाट. याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण स्कूबा, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं, हे मुळात श्वासाचंच काम आहे, पोहण्याचं त्या मानानं कमी.

बघा, पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे वर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. छातीवर एवढा दाब असताना साध्या नळीनं वरची हवा ओढताच येत नाही, म्हणून रेग्युलेटर लागतो, तो आजूबाजूच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबानं हवा तोंडात देतो. 1943 साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी हे यंत्र जमवलं आणि तिथून पुढं साध्या माणसाला माशांमध्ये जाता यायला लागलं. पाठीवरच्या टाकीला लोक ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण साधारणपणे त्यात आपली नेहमीचीच हवा असते, फक्त दोनशे पटीनं दाबून भरलेली. आता गंमत अशी की वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा तिप्पट हवा लागते, म्हणजे सिलिंडर तिप्पट वेगानं संपतो. आणि उलट बाजूनं, दहा मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुस काही दुप्पट होत नाही, ते फाटू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवतात तो हाच, श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचं, सोडत राहायचं, सावकाश.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या की चौथ्या डाइव्हला मला कासव दिसलं. हिरवं कासव, मोठं, निवांत चरत होतं समुद्रगवतावर, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी निघाले त्याच्या मागं. ते जरा सरकलं, मीपण सरकले, त्यानं वेग घेतला, मी पायातल्या फिन्स जोरात मारल्या, आणि दोन मिनिटांत ते निळ्यात दिसेनासं झालं आणि माझं प्रेशर गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरलीय ते दाखवणारा काटा, असं खाली आलेलं की सगळ्या ग्रुपला माझ्यामुळे लवकर वर यावं लागलं. पण वाईट ते नाही. वाईट हे की कासवाला श्वासासाठी वर जावं लागतं, ते आपल्यासारखंच हवेवर जगणारं जनावर, आणि मी त्याला दमवलं, त्याच्या आणि वरच्या हवेच्या मधे आले. त्या दिवशी बोटीवर मला कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरनी मला एका गोल मोठ्या प्रवाळाच्या शेजारी वाळूवर नेलं आणि हातानं खूण केली, इथंच थांब. बस्स. अख्खी डाइव्ह एका जागी.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग लक्षात आलं की त्या प्रवाळापाशी मासे येऊन रांगेत उभे राहतायत. खरंच, रांगेत! एक मोठा ग्रुपर आला, थांबला, तोंड वासलं, कल्ले फाकवले, आणि बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा असलेला निळसर मासा सरळ त्याच्या तोंडात शिरला. त्याला क्लीनर रास म्हणतात, हा मोठ्या माशांच्या अंगावरचे, तोंडातले, कल्ल्यांमधले परजीवी खाऊन पोट भरतो. त्या ग्रुपरनं एक आवंढा गिळला असता तर खेळ खलास, पण नाही गिळत. आणि क्लीनर कधीकधी लबाडीपण करतो, परजीवी सोडून गिऱ्हाईकाच्या अंगावरचा चिकट स्रावच ओरबाडतो, तो त्याला जास्त आवडतो, तेव्हा मोठा मासा दचकल्यासारखा थरथरतो आणि कधी चक्क निघून जातो. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखाच नाचत येणारा एक वेगळा मासा पण असतो, तो येतो आणि लचका तोडून पळतो. आणि 2019 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या क्लीनर माशाच्या गळ्यावर रंगाची खूण करून त्याला आरसा दाखवला तर तो आरशात बघून ती खूण घासून काढायला जातो. एवढासा मासा.

त्याच डाइव्हला, अगदी शेवटी, माझ्यापासून हातभर अंतरावरच्या दगडानं डोळा उघडला. ऑक्टोपस. इतका वेळ तिथंच होता, मीच त्याला दगड समजत होते. माझ्याकडं बघत त्यानं अंगाचा रंग आणि पोतसुद्धा बदलला, निमिषात, आणि ज्याच्या अंगावर एवढे रंग खेळतात त्याच्या डोळ्यांत उजेड टिपणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या, म्हणजे तो आपल्यासारखे रंग बघू शकत नसावा. कसं जमवतो याच्यावर अजून वाद चालू आहेत.

तेव्हापासून माझं ठरलंय, शोधत फिरायचं नाही. एक जागा धरायची.

मांटा रे, तो पंख पसरल्यासारखा दिसणारा मोठा चपटा मासा, तोसुद्धा याच पद्धतीनं भेटला. त्यांचीही सफाईची ठिकाणं ठरलेली असतात, तिथं जायचं, मधे न येता एका कडेला खाली राहायचं, आणि श्वास हळू. पंखांचा विस्तार तीनसाडेतीन मीटर असलेलं ते जनावर माझ्या डोक्यावरून इतक्या जवळून गेलं की उजेडच गेला क्षणभर. शेपटीला विषारी काटा नाही, काही नाही, पोटावर काळे ठिपके, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून संशोधक एकेका मांटाला ओळखतात आणि वर्षानुवर्षं त्याची नोंद ठेवतात. तुम्ही काढलेला त्याच्या पोटाचा एक चांगला फोटोसुद्धा त्या नोंदीत जाऊ शकतो.

शार्कचं सगळेच विचारतात. रीफवरचे ब्लॅकटिप, व्हाइटटिप बहुतेक वेळा आपल्यालाच बघून वाट बदलतात, मला त्यांची भीती वाटत नाही. मी जपून राहते ती टायटन ट्रिगरफिशला! जेमतेम पाऊण मीटरचा मासा, पण वाळूत घरटं केलेलं असताना अंड्यांच्या जवळ कुणी आलं की सरळ चाल करून येतो आणि दात असे की फिनचा तुकडा पडतो. त्याचा इलाका घरट्यापासून वरवर रुंद होत जातो असं मानतात, भोंगा उभा ठेवल्यासारखा, म्हणून घाबरून वर पळायचं नाही, वर गेलं तरी त्याच्याच हद्दीत राहतो आपण, आडवं निघून जायचं, फिन्स त्याच्याकडं करून.

आणि हात. हात कशालाच लावायचा नाही, जे दगड दिसतं ते दगड नसतं. प्रवाळ म्हणजे लाखो बारीक प्राणी एकत्र राहतात, गोल भरीव प्रवाळ वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढला तर खूप, माणसाएवढ्या उंचीचा दिसला तर तो आपल्या पणजोबांच्याही आधीचा समजा. फिनची एक लाथ बसली की संपलं. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना अन्न देतं, आणि उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंशच जास्त, पण आठवडेच्या आठवडे तापलेलं राहिलं की ती सोबत तुटते, शैवाल जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालं की जगभर एकाच वेळी हे होण्याची ही चौथी खेप आहे. मी असा पांढरा रीफ पाहिलाय. लांबून बर्फ पडल्यासारखा सुंदर दिसतो, आणि मला पाण्यातच रडू आलं, मास्कमध्ये. दोन वर्षांनी तिथंच परत गेले तर सगळं शेवाळानं झाकलेलं, आणि तडतड, ती कोळंब्यांची तडतड, अगदी विरळ झालेली.

हा आवाज नुसता आपल्या कानासाठी नसतो मंडळी. रीफवरच्या बऱ्याच माशांची पिल्लं अगदी बारीक असताना उघड्या समुद्रात वाहत जातात आणि राहायला जागा शोधत परत येतात तेव्हा या गोंगाटाच्या दिशेनं येतात. शांत रीफ त्यांना सापडणं अवघड जातं. म्हणून ग्रेट बॅरियर रीफवर काही संशोधकांनी मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचे ढीग रचले, त्यात पाण्याखालचे स्पीकर ठेवले आणि जिवंत रीफचं रेकॉर्डिंग वाजवलं, रोज रात्री, काही आठवडे. जिथं स्पीकर वाजत होते तिथं, नुसत्या ढिगांच्या मानानं, दुप्पट मासे राहायला आले. प्रवाळ त्यानं परत येत नाही, पाणी थंड व्हायला हवं ते वेगळंच, पण मासे आले की शेवाळ खाल्लं जातं आणि नव्या प्रवाळाला बसायला जागा होते.

तर तुम्ही कधी उतरलात ना, आधी नीट ट्रेनिंग घ्या, आणि निघायच्या आधी इन्स्ट्रक्टरना विचारा की मधे दहा मिनिटं एका जागी थांबता येईल का. हो म्हणाले तर एखादं गोल प्रवाळ बघून त्याच्या बाजूच्या वाळूपाशी स्थिर व्हा, हात छातीशी, आणि सावकाश एक श्वास सोडून पुढचा घेण्याच्या मधे जी जागा असते तिथं कान द्या.