कळसूबाई: शिड्यांच्या अधेमधली वाट

(दृश्य: बारी गाव, भातखाचरं, मागे ढगात शिरलेलं शिखर)

सप्टेंबर संपत आलाय. बारीतला भात पोटरीला आलाय आणि खाचरांच्या बांधांवरून कळसूबाईची वाट वर निघाली आहे. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही.

पहिल्यांदा येणारा हमखास विचारतो, "शिड्या अवघड आहेत का?" शिड्या लोखंडी आहेत, धरायला कठडे आहेत, आणि भीती वाटते म्हणून माणूस तिथं आपोआप जपून चढतो. पाय घसरतो तो शिड्यांच्या अधेमधे, जिथं वाट सोपी वाटते आणि आपण गप्पा मारत चाललेलो असतो.

(दृश्य: कातळाचा टप्पा, त्याखाली मातीचा उतार)

याचं कारण डोंगराच्या घडणीत आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक थरांनी पसरला आणि थिजला, त्यातून हा सह्याद्री झाला. थराचा घट्ट भाग सहजी झिजत नाही, तो उभ्या कातळासारखा राहतो. शिडी लागते ती तिथं. थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, तो लवकर कुजतो, त्याची माती होते आणि उतार तयार होतो. म्हणजे शिडी, मग मातीचा उतार, पुन्हा शिडी. पावसाळ्यात त्रास देतो तो हा उतार.

(दृश्य: जवळून, चिखलात उमटलेले बुटांचे ठसे)

ही जागा नीट बघा. वाटेच्या मधोमध चिखल. तो चुकवायला कुणीतरी कडेच्या गवतावर पाय दिला. मागून येणारे त्याच पावलावर आले. गवत मेलं, मुळं उघडी पडली, पुढच्या सरीत माती वाहून गेली. एका पायवाटेच्या अशा तीन वाटा होतात आणि तिन्ही निसरड्या. म्हणून कळकळीनं सांगतो, बूट भरले तर भरू द्या, पण चिखलातूनच चाला. कडेला सोनकी आणि तेरडा फुललाय, तो तुडवू नका.

कातळावर रंग बघून पाय टाकायचा. करड्या, खरबरीत दगडावर बूट धरतो. काळपट हिरवी चकाकी दिसली की ते शेवाळ. तिथं नवाकोरा महागडा बूटसुद्धा टिकत नाही.

(दृश्य: शेवटची शिडी, खाली रांग)

सुट्टीच्या दिवशी शेवटच्या शिडीखाली रांग लागते. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर घुसले की गाडं अडतं. उतरणाऱ्यांना आधी खाली येऊ द्यावं. आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवावं, पाठ नाही.

वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ. ढग फाटला तर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका रांगेत दिसतात, खाली भंडारदरा धरणाचं पाणी चमकतं. धुकं असेल तर दहा पावलांपुढचं माणूसही दिसत नाही. अशा वेळी कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढणं थांबलंच पाहिजे.

(दृश्य: दुपारचे ढग, उतरणारी माणसं)

परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. उघडं शिखर, लोखंडी शिड्या आणि वीज, यापेक्षा वाईट गाठ नाही. आवाज ऐकू आला की शिखर हाकेच्या अंतरावर असलं तरी मागं फिरावं. सकाळी लवकर निघालं तर ही वेळ सहसा येत नाही.

दिवाळीनंतर हाच चिखल वाळतो, त्याचा भुगा आणि सुटे खडे उरतात. त्याला आपण घसारा म्हणतो. उतरताना त्यावर टाच घट्ट रोवून, लहान पावलं टाकत यायचं. उन्हाळ्यात ओढे आटलेले असतात, म्हणून पाणी बारीतूनच भरून घ्यावं आणि उजाडायच्या आत चढाला लागावं.