बाळाला जरा खाली ठेवा

नमस्कार मंडळी. काय, उकाडा सोसवतोय ना? मी गोव्यातल्या फोंड्याची, अंगणवाडीत 31 वर्षं काढली, आता रिटायर झाले आणि घरात 13 महिन्यांचा नातू आहे, म्हणजे ड्युटी परत चालूच झाली म्हणा, फक्त पगार नाही. आज बाळाच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात एका वॉकरपासून करते.

आमच्या बाबाच्या, म्हणजे नातवाच्या, बारशाला एका नातेवाईकांनी वॉकर आणला, नाव नाही सांगत, ऐकत असतील. मोठा, रंगीत, ट्रेवर गाणी वाजणारा. सून खूश, मुलगा खूश, मी म्हटलं राहू दे माळ्यावर. त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली, आणि खरं सांगायचं तर सुनेचंही चुकलं नव्हतं, कारण वॉकरने मूल लवकर चालतं असं तिला सगळ्यांनीच सांगितलेलं. होतं उलटंच. वॉकरमध्ये मूल चवड्यांनी रेटा देत पुढे सरकतं, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि समोरच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय पण दिसत नाहीत. शिवाय आपली जुनी घरं बघा, सोप्यातून बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, आणि बल्कांवातून थेट पायऱ्या. कॅनडाने तर 2004 साली वॉकर विकायलाच बंदी घातली.

मग चालायला शिकतं कसं? खाली पडून. म्हणजे अक्षरशः जमिनीवर पडून, वाकळ अंथरायची आणि सोडायचं. बाळाचं अंग वरून खाली ताब्यात येतं, आधी मान, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मग पाठ, कंबर, आणि पाय सगळ्यात शेवटी. पोटावर घातलं की ते मान उचलायला बघतं, कण्हतं, रडतं, आणि आपण लगेच उचलतो. थोडं थांबा हो. जागं असताना, आपण समोर असताना, दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा तास तरी पोटावर घाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपवताना मात्र उताणंच.

आता आपल्याकडची एक अडचण सांगते, ही पुस्तकात नाही मिळणार. बाब एप्रिलमधला. तो दोन महिन्यांचा झाला आणि पाऊस लागला, मग फरशीला ओल, भिंतीला बुरशी, मुंग्यांची रांग, कोण ठेवणार बाळाला खाली? जून ते सप्टेंबर तो मांडीवर आणि पलंगावरच, आणि नेमके तेच महिने मान-पाठ तयार व्हायचे. शेवटी मी लाकडी बाकडं उलटं ठेवून त्यावर फळ्या टाकल्या, वर दोन वाकळी, आणि त्याच्यासाठी कोरडी जमीन तयार केली. ज्यांच्याकडे आता छोटं बाळ आहे त्यांनी आत्तापासूनच काहीतरी बघून ठेवा, पाऊस दारात आलाय.

पायांचीच आणखी एक गंमत. नुकत्या जन्मलेल्या बाळाला काखेत धरून पाय टेकवले तर ते पावलं टाकल्यासारखं करतं, बघितलंय ना? दोनेक महिन्यांत ते बंद होतं. आधी लोकांना वाटायचं की मेंदू मोठा झाला म्हणून थांबलं. 1984 मध्ये अमेरिकेत एस्थर थेलन म्हणून संशोधक बाई होत्या, त्यांनी अशा बाळांना पाण्यात उभं धरलं, तर पावलं परत सुरू! म्हणजे पायांवर चरबी चढलेली, तेवढं वजन उचलायची ताकद अजून आलेली नव्हती, बाकी काही नाही. आणि वजन चढणारच ना, पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट होतं, उंची साधारण 50 सेंमीवरून 75 वर जाते. एवढा वेग परत आयुष्यात कधी नाही.

आता डोकं. नवव्या महिन्यात आमचा बाब फरशीवरच्या मुंगीमागे लागला. आधी पूर्ण पंजा आपटायचा, मुंगी पळायची. मग एक दिवस अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, श्वास रोखल्यासारखं तोंड केलं, आणि चिमटीत धरली. मुंगी चावली, तो रडला, दुसऱ्या दिवशी परत तेच. ही चिमूट जमली की मूल सगळं तोंडात घालतं, तेव्हा नाणी, बटणं, शेंगदाणे उचलून ठेवा.

त्याच सुमाराला दुसरं एक झालं. त्याची स्टीलची वाटी कपाटाखाली गेली. सहाव्या महिन्यात वाटी दिसेनाशी झाली की विषय संपायचा, आता तो आडवा पडून कपाटाखाली हात घालत होता. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांसमोर वस्तू फडक्याखाली लपवून हेच बघितलेलं, आठेक महिन्यांना मूल फडकं उचलून शोधायला लागतं. आणि ते आई दिसेनाशी झाली की आकांत करणं, तेही साधारण याच वेळेला सुरू होतं, लाडावलंय म्हणू नका.

भाषेचं तर सांगायलाच पाहिजे, कारण आमच्या घरात मी ‘इकडे ये’ म्हणते, सून काणकोणची, ती ‘हांगा यो’ म्हणते, आणि मुलगा फोनवर इंग्लिश. शेजारीण म्हणाली पोर गोंधळेल. नाही गोंधळत, लहान बाळाचा कान वेगवेगळ्या भाषांतले आवाज ओळखतो. व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्लिश घरांतल्या बाळांना हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ ऐकवला, सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, वर्षाच्या आसपास मात्र कळेनासा झाला, कारण घरात कोणी तसं बोलतच नव्हतं. म्हणून बोला, भरपूर बोला, पण तुम्ही बोला, मोबाईल नको. पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, माणूस समोर बसून बोलला तेव्हा बाळांच्या कानांनी ती पकडली, टीव्हीवर तेच दाखवलं तर काहीच नाही.

आणि ‘अजून चलना?’, म्हणजे अजून चालत नाही का, हा प्रश्न. रोज कोणीतरी विचारतं. निरोगी मुलं एकटं चालायला आठव्या महिन्यापासून ते साडेसतराव्या महिन्यापर्यंत कधीही लागतात, आणि शंभरात चारेक तर रांगतच नाहीत, सरळ उठून चालतात. बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल तर महिने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. पण चार महिन्यांना मान धरत नाही, तीन महिन्यांना तुमच्याकडे बघून हसत नाही, आवाजाला दाद देत नाही, दीड वर्ष होऊनही चालत नाही, किंवा येत होतं ते करायचं सोडलं, तर मग आजीचं ऐकत बसू नका, माझंही नको, डॉक्टरकडे जा.

आमचा बाब अजून खुर्ची धरूनच फिरतो. काल दोन सेकंद हात सोडून उभा राहिला आणि मग धपकन बसला. वॉकर विचाराल तर तो खाली आणलाय मी, ट्रे मोठा आहे ना, बल्कांवात उन्हाला ठेवलाय, त्यावर कोकमाची सोलं वाळताहेत.