खोली देण्याआधी शिक्का बघा

(लॉजमालक, घरात खोल्या भाड्यानं देणारे, वाद्यकारागीर आणि संगीतशिक्षक यांच्यासाठी सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार. आयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ऐकून मी आधी नाहीच म्हटलं होतं. परदेशी पर्यटकांचे व्हिसा आणि परवाने! मी वकील नाही, पोलीस खात्यात नव्हते, ट्रॅव्हल एजंट तर नाहीच. मी बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर मिरजेतल्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायला लागले. सतारमेकर गल्ली आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळं गिऱ्हाईक आलं ते बहुतेक परदेशीच. कुणी सतार बनवून घ्यायला, कुणी बनवायची कशी ते बघायला, कुणी दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणारं गाणं ऐकायला. आयोजक म्हणाले, तुमच्या हातून चुका झाल्यात ना, मग तुम्हीच बोला. ते काही खोटं नव्हतं.

पहिली चूक पहिल्याच पाहुण्याच्या वेळची. जर्मन मुलगा होता, पहाटे महालक्ष्मी एक्सप्रेसनं मिरज जंक्शनला उतरला. मी पासपोर्ट मागितला, कोपऱ्यावर जाऊन दोन झेरॉक्स काढल्या, पंच करून फायलीला लावल्या. कॅशियरची सवय. मला वाटलं, झालं काम. अकराव्या दिवशी त्याचा मोबाइल हरवला आणि तो तक्रार द्यायला गेला. तिथं त्याला विचारलं, राहतोस कुठं? त्यानं माझा पत्ता दिला. संध्याकाळी मला बोलावणं. समोरच्या साहेबांनी एकच प्रश्न केला, "ताई, सी फॉर्म भरला का?" मी म्हटलं, कुठला सी फॉर्म? त्यावर त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ना, त्याच नजरेनं मी तीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांकडं बघत होते. चलन न भरता रांगेत उभं राहणाऱ्यांकडं. लेखी खुलासा दिला, समज मिळाली, घरी आले. तेव्हापासून हा विषय मला पाठ आहे.

तर आधी तेच. परदेशी नागरिक तुमच्या छताखाली झोपला की चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद तुम्ही करायची, हाच तो सी फॉर्म. त्यानं नाही, तुम्ही. लॉज असो, धर्मशाळा असो, हॉस्टेल असो, दवाखाना असो, नाहीतर माझ्यासारख्यांच्या माडीवरची खोली असो. जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. त्यांच्याकडं आधी तुमच्या जागेची नोंदणी करून लॉगिन घ्यायचं, मग प्रत्येक पाहुण्याचा फॉर्म भरायचा. पासपोर्टचा नंबर, तो कुठं आणि कधी दिला, व्हिसाचा नंबर आणि मुदत, भारतात कधी आला, तुमच्याकडं कुठून आला, इथून कुठं जाणार, आणि फोटो. पाऊण तास लागतो पहिल्यांदा. नंतर दहा मिनिटं. रविवार होता, लाइट नव्हती, हे चालत नाही.

कायदा अलीकडं बदललाय हेही सांगते, कारण जुनी पुस्तिका घेऊन बसलेले लोक अजून भेटतात. १९२० चा पासपोर्टचा कायदा, १९३९ चा नोंदणीचा, १९४६ चा परदेशी नागरिकांचा आणि २००० चा विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा, हे चारही मोडीत काढून २०२५ साली एकच आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. बोलताना आपण अजून सी फॉर्मच म्हणतो, म्हणू दे. पाचशे-हजारच्या नोटा गेल्या तरी आम्ही वर्षभर 'मोठ्या नोटा' म्हणतच होतो.

आता व्हिसाकडं येऊ. पाहुणा तुमच्या हातात बहुधा एक छापील कागद ठेवतो, वर त्याचा फोटो, खाली 'ग्रँटेड' असं लिहिलेलं. हा ईटीए. हा व्हिसा नव्हे, येण्याची आगाऊ परवानगी आहे. विमानतळावर अधिकारी बोटांचे ठसे घेतो, फोटो काढतो आणि पासपोर्टवर शिक्का मारतो, तो खरा. म्हणून कागद बघून खोली देऊ नका, पासपोर्टची पानं उलटा आणि शिक्का शोधा. कधी तो शेवटच्या पानावर असतो, कधी शाई इतकी फिकट की ट्यूबलाइटखाली धरावा लागतो. मी भिंग ठेवलंय, सही ताडायला बँकेत वापरायचो तसलं.

आणि त्या कागदावरची तारीख! इथं भले भले फसतात. तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर जी मुदत छापलेली असते ती देशात शिरण्याची शेवटची तारीख. राहायचे तीस दिवस मोजायचे ते पहिल्यांदा उतरल्या दिवसापासून. एक इटालियन बाई कागदावरची तारीख पुढं आहे म्हणून निवांत होत्या. सतारीला जवारी काढायचं, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवायचं काम लांबलं होतं, कारागीर म्हणत होते अजून चार दिवस थांबा, सूर उघडतोय. बाई थांबायला तयार. मी शिक्का बघितला आणि बोटांवर मोजलं, सव्विसावा दिवस. हा व्हिसा वाढवून मिळत नाही, दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं. सतार मागाहून पार्सलनं गेली. एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाचं गणित उलटं, तिथं मुदत परवानगी मिळाल्या दिवसापासून पळायला लागते, माणूस आला असो की नसो.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण पाहुणे निघण्याआधी मेलवर विचारतात. बऱ्याच देशांच्या लोकांना तीस दिवसांच्या व्हिसाला एप्रिल ते जून दहा डॉलर आणि इतर महिन्यांत पंचवीस डॉलर पडतात, वर्षाचे चाळीस, पाच वर्षांचे ऐंशी, वर बँकेचा आकार. यापेक्षा चौपट कुणी मागत असेल तर ती सरकारी साइट नाही. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघायला सांगा. सरकारी दिसणाऱ्या खोट्या साइटी रग्गड आहेत. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात भरायचं ते आगमनाचं कागदी कार्डही ऑनलाइन झालंय, येण्याआधीच्या बहात्तर तासांत भरायचं.

 

आपल्या भागाचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि कारागीर मंडळी समोर बसलीत म्हणून त्यावर जरा थांबते. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसानं शिकावं का? मला आधी वाटायचं, नाही. पण नियमात सोय आहे. योगासनं, भाषा, संगीत, नृत्य, हस्तकला, स्वयंपाक असलं काही थोड्या दिवसांसाठी शिकता येतं. अट अशी की तो रीतसर अभ्यासक्रम नसावा, सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा, आणि शेवटी पदवी-पदविकेसारखं प्रमाणपत्र मिळणार नसावं. म्हणजे कारागिराच्या शेजारी पाट टाकून बसा, भोपळा घासा, सतारीचे पडदे बांधायला शिका, कुणाची हरकत नाही.

मोबाइल हरवलेला तो पहिला जर्मन मुलगा पुढं तीनदा आला. तिसऱ्या खेपेला दीड महिना एका वयस्क कारागिरांकडं बसत होता. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. एका दिवसात चाळीस वेळा. चाचा त्याच्याशी मराठीत बोलायचे, तो मान डोलवायचा. निघायच्या आदल्या दिवशी चाचा माझ्याकडं आले, हातात लेटरहेड. म्हणाले, "वहिनी, इंग्रजीत लिहून द्या. आमच्याकडं सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला, पहिल्या नंबरानं पास. पोराला तिकडं उपयोगी पडंल." मी कपाळाला हात लावला. प्रेमापोटी त्यांनी दीड महिन्याचे सहा केले होते, वर परीक्षा घेऊन नंबरही दिला होता! पुढच्या वेळी व्हिसा मागताना त्या पोराच्याच बॅगेतून हा कागद निघाला असता. चाचांना समजावलं. ते रुसले. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं, त्याच्यासाठी केलेल्या सतारीच्या भोपळ्यावर तबली, म्हणजे वरचं लाकडी झाकण, बसवायच्या आत पेन्सिलीनं आत त्याचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. ते कुठल्याच विमानतळावर दिसणार नाही.

हेच कामाच्या बाबतीत. पाहुणा हौसेनं पॉलिश करून देतो म्हणून त्याला रोजगार देऊ नका. महिनाभरापर्यंत विनामोबदला स्वयंसेवा चालते, पगार चालत नाही. गणपतीत मंडळाची मुलं येतात, काकू, तुमच्याकडचा गोरा सतारवाला स्टेजवर बसवू, पाच हजार मानधन देऊ. मुलांचा हेतू चांगला असतो, पण मानधनाचं पाकीट घेऊन वाजवणं हे टुरिस्टचं काम नाही. मी स्पष्ट सांगते, बिदागी द्यायची तर गावातल्या कलाकाराला द्या, तेही वाट बघत बसलेत. बरोबर आहे की नाही? रीतसर गुरूकडं वर्षभर शिकायचं असेल तर त्यानं विद्यार्थी व्हिसा घेऊनच यावं, आणि १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नाव नोंदवावं. मिरजेत ऑपरेशनला येणाऱ्यांसाठी मेडिकल व्हिसा आहे, सोबतच्या माणसांचा वेगळा.

आता परवाने. पाहुणा मिरजेत राहतो आणि भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून विचारतो, इथून इकडं जाऊ का? व्हिसा भारताचा असला तरी सगळा भारत त्यात येत नाही. त्यासाठी १९५८ ला संरक्षित क्षेत्रांचा आणि १९६३ ला प्रतिबंधित क्षेत्रांचा आदेश निघाला होता. अरुणाचल, सिक्कीम, लडाखच्या सीमेलगतचा काही भाग, इथं परदेशी माणसाला वेगळा परवाना लागतो. हे बदलत राहतं, हीच डोकेदुखी. नागालँड, मणिपूर, मिझोरामची अट २०११ पासून सैल होती, ती २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. उलट अंदमानातल्या बऱ्याच वस्तीच्या बेटांवरची अट २०१८ ला उठवली. माझ्याकडच्या दोघी फ्रेंच मुली हॉर्नबिल महोत्सवाला नागालँडला निघाल्या होत्या, मागच्या सालच्या मित्रांनी सांगितलं होतं की नुसतं जाऊन नाव नोंदवा. तिकीट काढायच्या आत मी त्यांना गृहखात्याची साइट बघायला लावली.

आणि हे फक्त परदेश्यांचं आहे असं समजू नका. १८७३ च्या इंग्रजी कायद्यानं आखलेली इनर लाइन अजून आहे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि आता मणिपुरात तुम्हा-आम्हालाही परमिट काढावं लागतं. आपल्या विटा-खानापूरकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई बांधव देशाच्या कुठल्याही बाजारपेठेत भेटतात, तिकडं दुकान टाकायचं तर त्यांनाही ते सुटत नाही.

ड्रोन घेऊन येऊ नका आणि सॅटेलाइट फोन तर अजिबात नको, एवढं पाहुण्याला निघण्याआधीच कळवा. गिर्यारोहक मंडळींच्या खिशात ते छोटं उपग्रहवालं संदेशयंत्र असतं, त्यांच्या देशात ती साधी वस्तू आहे, आपल्याकडं परवान्याशिवाय बाळगलं तर विमानतळावरच अटक होऊ शकते. चांदोली-कोयनेच्या जंगलात जायचं तर वनखात्याची परवानगी, ती आपल्यालाही लागते.

शेवटचा प्रश्न चहाच्या वेळी एका काकांनी विचारला तो. त्यांची नात, अमेरिकेत जन्मलेली, उन्हाळ्यात दोन महिने सांगलीत येते. ती पाहुणी की घरची? काका, नात तुमचीच, पण पासपोर्ट अमेरिकेचा. तिच्याकडं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असेल तर व्हिसा लागत नाही, पण अरुणाचलला घेऊन जायचं ठरवलंत तर परवाना तिलाही लागेल. आणि लॉजवर उतरवलीत तर लॉजवाला फॉर्म भरणारच. कार्ड नसेल तर व्हिसा हवाच, तिला आजोबा सांगलीचे आहेत हे विमानतळावर कुणी विचारत नाही.

बाहेर टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवलाय. ज्यांनी अजून जागेची नोंदणी केली नाही त्यांनी घरपट्टीची पावती आणि आधार आणलं असेल तर सुरुवात करून देते. एक मात्र आत्ताच सांगते, मागच्या महिन्यात दोघांनी विचारलं, काकू, तुमच्याच लॉगिनवरनं आमचा पाहुणा टाका की. ते जमणार नाही. पासवर्ड ज्याचा त्यानं.