तोंडाला चव नाही, तर काय वाढायचं?

[फोंडा तालुक्यातलं एक घर. मिक्सरमध्ये ओलं खोबरं, धणे, सुक्या मिरच्या. पातेल्यात बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी.]

सूनबाईंनी वाटण नेहमीसारखंच केलंय. तिरफळं बेतानेच घातलीत, आंबटाला सोलं (आमसुलं). सासूबाई एक घास घेतात आणि ताट सरकवतात. "लोखंड चाटल्यासारखं लागतं गं." केमोथेरपीचा दुसरा डोस होऊन आठवडा झालाय.

"आई, मनावर घ्या. दोन घास तरी खा."

हे वाक्य आज गोव्यातल्या कितीतरी घरांत बोललं जात असेल. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असोत, नाहीतर परळच्या टाटा रुग्णालयात. बोलण्यात माया असते, पण ऐकणाऱ्याला ते टोचतं. कारण मनावर घेऊन चव परत येत नाही.

जिभेवरच्या रुचिकलिकांमधल्या पेशी साधारण 10 ते 14 दिवसांत जुन्या होतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. त्या माऱ्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर केसांची मुळं, तोंडाचं अस्तर आणि या रुचिपेशीही सापडतात. सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल अशा औषधांनंतर तोंडाला धातूची किंवा कडवट चव येते, अशी तक्रार नेहमीची आहे. मानेला, तोंडाला रेडिएशन असेल तर लाळग्रंथीही दुखावतात. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला त्याची चव कळत नाही, आणि तोंड तर कोरडं पडलेलं असतं. म्हणून हे नखरे नव्हेत. घरातल्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यायला हवं, स्वयंपाक करणाऱ्याने तर नक्कीच.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

1978 मध्ये इलीन बर्नस्टीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केमो घेणाऱ्या लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराच्या आधी काही मुलांना वेगळ्याच स्वादाचं आइस्क्रीम दिलं होतं. नंतर तेच आइस्क्रीम पुढे केलं तेव्हा त्यांतली बरीच मुलं ते नको म्हणाली. औषधाने आलेली मळमळ त्या स्वादाला चिकटली होती. मोठ्यांचंही असंच होतं. आपण काय करतो? डोसच्या आदल्या दिवशी आवडीचं करून घालतो. "उद्या जेवण जाणार नाही, आज पोटभर खाऊ दे." हेतू चांगला, पण त्यामुळेच जन्मभर आवडलेला पदार्थ मनातून उतरू शकतो. डोसच्या आगेमागे साधं, हलकं वाढा. आवडीचं बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवा.

[सूनबाई स्टीलचं ताट उचलतात. चिनीमातीची वाटी, लाकडी चमचा.]

धातूची चव येत असेल तर पहिला बदल भांड्यांचा. स्टीलचा चमचा बाजूला ठेवायचा. पेज वाढायला करवंटीची दवली (पळी) या घरात आहेच, खायला लाकडी चमचा आला. दुसरा बदल वासाचा. चवीचा मोठा भाग नाकातून येतो आणि तळणीच्या बांगड्याचा वास घरभर फिरतो. तळण शेजघरापासून लांब करा आणि जेवण वाफाळतं न वाढता कोमट किंवा गार वाढा. वास कमी येतो, घास आत जातो.

आंबटाने अनेकांची जीभ थोडी जागी होते. गोव्याच्या स्वयंपाकघरात आंबटाची काय कमी? मिरची-लसूण वगळून केलेली सोलकढी, पेजेबरोबर मिठात मुरलेल्या तोरांची (कैऱ्यांची) एखादी फोड. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र खारवलेलं डॉक्टरांना विचारूनच. आणि तोंड आलं असेल, जिभेवर फोड असतील, तर सोलं, लिंबू, तिखट, तिरफळ सगळं बंद. तेव्हा मऊ भात, दही, केळं. सगळंच गोड लागत असेल तर चिमूटभर मीठ किंवा थोडं लिंबू, कडवट लागत असेल तर किंचित गूळ. आज चाललेला उपाय पुढच्या आठवड्यात चालेलच असं नाही. रोज विचारावं लागतं.

जेवणाआधी चूळ भरली तर फरक पडतो. 1 लिटर पाण्यात 1 छोटा चमचा मीठ आणि 1 छोटा चमचा खायचा सोडा. हे पाणी गिळायचं नाही.

पेजेबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. उकड्या तांदळाची पेज पोटाला शांत ठेवते, पाणी देते, पण तिच्यात प्रथिनं फार थोडी. सोलकढीतही नारळाच्या रसाची स्निग्धता आहे, प्रथिनं नावालाच. उपचार चालू असताना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 100 ग्रॅम मासळीत 18 ते 20. म्हणून पेजेत मूग शिजवा, गरम पेजेतच फेटलेलं अंडं सोडून पूर्ण शिजू द्या. बांगडा नको वाटत असेल तर मुडदुशी वाफवून, काटे काढून भाताबरोबर. मासळी अजिबात नको असेल तर पनीर, घट्ट दही, डाळ. तिसऱ्या, कालवं अर्धीकच्ची नकोत, कारण केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा जंतूही भारी पडतो.

[वजनाचा काटा. सासूबाई भिंतीचा आधार घेऊन चढतात.]

चव बहुतेकांची परत येते. केमो संपल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, मानेच्या रेडिएशननंतर त्याहून सावकाश. तोपर्यंत दर आठवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी वजन करा आणि लिहून ठेवा. 60 किलोच्या माणसाचं महिन्यात 3 किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना कळवा, आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या. कधी नाकातून किंवा पोटातून नळीने आहार द्यावा लागतो. घरच्यांना वाटतं, आपणच खाऊ घालायला कमी पडलो. तसं नाही, नळी हाही उपचाराचाच भाग आहे. आणि गिळणं सुरक्षित आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर नळी असतानाही चमचा-चमचा पेज तोंडाने देत राहा. गिळणारे स्नायू वापरात राहिले, तर नळी निघाल्यावर जेवायला बसणं सोपं जातं.