स्टेशनच्या पाटीवरचा समुद्र

[दृश्य : भल्या पहाटेचं धामणगाव रेल्वे स्टेशन. पिवळी पाटी. कॅमेरा खालच्या बारीक ओळीवर येऊन थांबतो.]

अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव. मुंबई-हावडा मार्गावरचं आपलं स्टेशन. इथून शिकायला गेलेली, लग्न होऊन गेलेली, कापसाच्या हंगामात परत आलेली माणसं या पाटीसमोरूनच गेली. पाटीवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक उंची. समुद्रसपाटीपासूनची.

माझ्या आजीनं शेवटपर्यंत समुद्र पाहिला नाही. आमच्या गावात अशी माणसं अजून घरोघरी आहेत. तरी आपलं स्टेशन किती उंचावर आहे, हे मोजायचं ते समुद्रापासूनच.

ही मोजणी ज्या शून्यापासून होते, ते १९०९ साली पक्कं झालं. नऊ ठिकाणी भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. त्यांच्या सरासरीवरून समुद्रसपाटी ठरली. त्यांत मुंबईही होती. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राचं पाणी मोजलं जातंय.

ते पाणी आता जुन्या जागी नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरनं वर आली.

[दृश्य : एका शेतकऱ्याचा हात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत.]

एक वीत. ऐकायला थोडं वाटतं. पण सुरुवातीच्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ वर गेला. मला काळजी वाटते ती या वेगाची.

[दृश्य : जिल्हा परिषदेची शाळा. एप्रिल महिना, सकाळचे ९.]

विज्ञानाच्या सरांनी औषधाची काचेची बाटली घेतली आहे. तिच्यात निळी शाई घातलेलं पाणी काठोकाठ भरलं. झाकणाला भोक पाडून स्ट्रॉ खोचली आणि फटीला एम-सील लावलं. आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढीच काळजी. स्ट्रॉमध्ये जिथं शाई थांबली, तिथं स्केचपेननं खूण केली आणि बाटली ओट्यावर उन्हात ठेवली.

दुपारी १ वाजता सातवीचा वर्ग भोवती जमला. शाई खुणेच्या चार बोटं वर गेली होती. तिथं दुसरी खूण केली.

"सर, पानी वाढलं कुठून? आपन तं टाकलंच नाही."

"टाकलं नाही बेटा. पाणी तेवढंच आहे. तापलं, म्हणून फुगलं."

समुद्र वर येतोय त्यातला मोठा वाटा या फुगण्याचा आहे. उरलेला मुख्यतः हिमनद्या आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरचा बर्फ वितळून आलेल्या पाण्याचा. समुद्र आपल्या बाटलीसारखा वीस-वीस अंशांनी तापत नाही. पण त्याची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या पाण्यात अंशाचा लहानसा भागही मोठा होतो.

[दृश्य : विहिरीचं तोंड. दोर, बादली. खाली काळसर पाणी.]

एप्रिलमध्ये वावरात अनवाणी पाय टेकवत नाही. काळी माती तव्यासारखी तापते. पण त्याच वावरातल्या विहिरीचं पाणी पायावर घ्या, जीव सुखावतो. पाणी उष्णता पोटात घेतं आणि लवकर तापत नाही. पृथ्वीवर हेच चाललंय. कोळसा आणि तेल जाळून आपण जी जास्तीची उष्णता अडकवली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं गिळली. आपल्याच चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळणाऱ्या कोळशाचा वाटाही त्यात आहे. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेणं मला बरं वाटत नाही.

पण एवढ्या मोठ्या पाण्याचा ताप बघायचा कसा?

[दृश्य : जगाचा नकाशा. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना.]

१९१७ साली व्हिएन्नामध्ये एक मुलगा जन्मला. वॉल्टर मंक. तो वाढला त्या ऑस्ट्रियाला समुद्र नाही, जसा आपल्या विदर्भाला नाही. किशोरवयात घरच्यांनी त्याला अमेरिकेला पाठवलं. त्यानं बँकेत काम करावं अशी त्यांची इच्छा होती. पण १९३९ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत पोचला आणि तिथलाच झाला. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायची पद्धत त्यानं आपल्या गुरूंसोबत तयार केली. मंक १०१ वर्षं जगले.

त्यांची एक कल्पना मला फार आवडते. गरम पाण्यात आवाज जास्त वेगानं जातो. एका अंशाला सेकंदामागे साधारण चार मीटरनं. मग समुद्राच्या एका टोकाला आवाज करायचा आणि दुसऱ्या टोकाला तो किती वेळात पोचतो ते मोजायचं. वर्षानुवर्षं मोजत राहायचं. आवाज लवकर पोचू लागला तर वाटेतलं सगळं पाणी तापलंय. समुद्राला हाक मारून त्याचा ताप काढायचा!

जानेवारी १९९१ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाशी, हर्ड बेटाजवळ, त्यांनी जहाजावरून यंत्रं पाण्यात सोडली आणि एक खर्जातला आवाज सुरू केला. ऐकायला नऊ देशांचे शास्त्रज्ञ होते, त्यांत भारतही होता. तो आवाज सुमारे १६ हजार किलोमीटर गेला, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बर्म्युडापर्यंत. तिथं पोचायला त्याला तीन तासांच्या आसपास लागले. एवढ्या आवाजाचा देवमाशांना त्रास होईल, अशी हरकत लोकांनी घेतली. ती रास्तच होती.

आज हे काम मुख्यतः आर्गो नावाचे तरंगते नळकांडे करतात. माणसाएवढ्या उंचीचे. सगळ्या समुद्रांत मिळून सुमारे चार हजार. एकेक नळकांडं हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतं. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि पाण्याचा ताप आणि खारटपणा मोजत वर येतं. वर आलं की उपग्रहाला निरोप देतं आणि पुन्हा खाली. भारतातलं हे काम हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेतून चालतं. आपल्याकडून पोरं कामाला, शिकायला जातात, त्याच हैदराबादेतून.

[दृश्य : शेताचा धुरा. एक वृद्ध शेतकरी.]

"आबाजी, पाऊस बदलला का?"

"पह्यले झड लागे ना बाप्पा. सात-सात दिवस घरातून निघनं नाही. भुरभुर, भुरभुर. जमीन पिऊन घे. आता महिनाभर आभायाकडे पाहात बसा, अन् मंग एका रातीत सारं ओतून देते. मागं बी गेलं, खत गेलं, मातीबी गेली. वावर खरडून नेलं."

आबाजींनी धुऱ्यावर उभं राहून सांगितलं, तेच पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाच्या नोंदींतून दाखवलं. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, म्हणजे आपल्याही पट्ट्यात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अतिवृष्टी म्हणजे दिवसात १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. आणि याच काळात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला. झड गेली आणि ओतणं वाढलं.

हे पाणी आणणारे वारे बऱ्याचदा अरबी समुद्रावरून येतात. समुद्र तापला की वाफ जास्त होते. हवा एका अंशानं तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते बाष्प सह्याद्री ओलांडून वऱ्हाडापर्यंत येतं. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात पुरानं माणसं अडकली, तेव्हा सुटकेसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. त्या एका पुराचं कारण मी समुद्रावर ढकलणार नाही. पण अशा रात्री वाढल्यात, हे खरं आहे. दुबार पेरणीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला अरबी समुद्राचं तापमान ठाऊक असायला हवं. बाजारभावाइतकंच.

[दृश्य : शाळेचा ओटा. सायंकाळचे ६. बाटली आता सावलीत.]

शाई खाली उतरतेय. समुद्राचं असं होत नाही. खोल पाण्यात शिरलेली उष्णता लवकर निघत नाही, म्हणून उद्या सगळा धूर थांबला तरी समुद्र शतकानुशतकं चढत राहील. किती चढेल, ते मात्र हा धूर कधी थांबतो त्यावर आहे.

दुपारी प्रश्न विचारणारी मुलगी घरी गेलेली नाही. दप्तर पाठीवर तसंच. तिनं स्ट्रॉवर सहाची खूण केली. सकाळच्या खुणेपेक्षा ती अजून एक बोट वर आहे.

"सर, बाटली इथंच राहू द्या. मी सातले येऊन पाह्यतो."

[पडद्यावर स्ट्रॉ आणि तिच्यावरच्या तीन खुणा.]