करवंटीच्या कोळशातली बिळं

(दृश्य : माडाखाली करवंट्यांचा ढीग)

नारळ खवून झाला की करवंटी चुलीत जाते, नाहीतर उकिरड्यावर. तीच करवंटी हवा लागू न देता भाजली, की तिचा टणक कोळसा होतो. या कोळशात डोळ्यांना न दिसणारी बिळं पाडली, की तो धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो.

(दृश्य : प्रयोगशाळेतली भट्टी)

या कोळशाची पूड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कालवतात आणि नायट्रोजनच्या प्रवाहात सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हा अल्कली कार्बनला आतून कुरतडत जातो. मग आम्लाने आणि पाण्याने धुवायचं. मागे उरतात ती बिळं.

(दृश्य : तळहातावर चिमूटभर काळी पूड)

ही एक ग्रॅम पूड. हिच्यातल्या साऱ्या भिंती उलगडून अंथरल्या, तर हजार चौरस मीटरहून जास्त जागा व्यापतील. उत्तम नमुन्यात तीन हजारांपर्यंत. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं. म्हणजे उत्तम नमुन्याच्या एका ग्रॅममध्ये वीसेक मैदानं!

पण नुसत्या क्षेत्रफळावर भाळू नये. कार्बन डायऑक्साइडचा रेणू नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, जेमतेम एक तृतीयांश. रुंद बिळात तो एका भिंतीला टेकतो आणि निसटतो. बीळ एक नॅनोमीटरहून अरुंद असेल, तर दोन्हीकडच्या भिंती त्याला ओढून धरतात. धुरातल्या नायट्रोजनला ही ओढ बरीच कमी लागते. म्हणून सगळी मेहनत बिळाचं माप साधण्यात आहे.

(दृश्य : औष्णिक वीजकेंद्राची चिमणी)

खरी कसोटी इथे लागते. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये, २५ अंशांना आणि वातावरणाच्या दाबाला, चांगला कार्बन ग्रॅममागे पावणेदोनशे मिलिग्रॅम वायू धरतो. दगडी कोळशाच्या धुरात मात्र हा वायू असतो १२ ते १५ टक्के, आणि तिथे ही पकड निम्म्याहूनही खाली येते. शिवाय धुरातली वाफ त्याच बिळांत जागा अडवते. म्हणून धूर आधी थंड आणि कोरडा करावा लागतो. त्याचा खर्च आहेच.

तरीही या काळ्या पुडीवर माझा जीव आहे, कारण तिची पकड सैल आहे. याच कामासाठी सध्या वापरात असलेली अमाईनची (अमोनियाच्या जातकुळीतल्या संयुगांची) द्रावणं वायूशी रासायनिक बंध जोडतात. तो तोडायला पाण्यासकट सगळं द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. कार्बनच्या बाबतीत दाब उतरवला किंवा थोडी ऊब दिली, की वायू सुटा होतो.

(दृश्य : पुडीने भरलेला नळकांड्याचा स्तंभ)

झडप उघडली. दाबमापीचा काटा खाली येतोय. वायू टाकीकडे निघाला, बिळं रिकामी झाली. आता पुन्हा धूर सोडतील.